नाद सुटावा म्हणून पडद्यामागे पाठवू नका

पत्राचा सारांश: इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी बारा वर्षांची. सहा वर्षांपासून बॅले शिकते, आठवड्याला तीन क्लास, चार महिन्यांपूर्वी पहिले पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या टोकावर उभं राहून नाचायचे कडक बूट, मिळाले. आता तिच्या डान्स स्कूलमधल्या काही मुलींना एका व्यावसायिक बॅले कंपनीत 'पडद्यामागचा दिवस' घालवायला बोलावलं आहे. वडील म्हणतात, ''जाऊ दे, फुटलेले अंगठे बघितले की आपोआप नाद सुटेल.'' आईला उलटी धास्ती आहे: मुलगी हरखून परत येईल आणि अभ्यास मागे पडेल. पुण्याच्या आजींचं म्हणणं, ''नाचायचंच असेल तर कथक शिकव, तिकडे आपलं कोण आहे?'' ग्रुपमध्ये सावळी मुलगी ही एकटीच. पाठवावं का? आणि पाठवलंच, तर 'हिच्यात काही आहे का' हे तिथल्या कुणाला विचारता येईल का?

ताई,

पाठवा. फक्त तुमच्या घराने या एका दिवसावर जी ओझी लादली आहेत ती आधी उतरवा. यजमानांना वाटतं, या दिवसाने नाद सुटेल. तुम्हाला वाटतं, नाद लागेल. आणि दोघांनाही कुठेतरी वाटतं आहे की तिथला एखादा जाणकार मुलीकडे बघून निकाल देऊन टाकेल. यातलं काहीही होण्याची शक्यता फार थोडी आहे.

फुटलेल्या अंगठ्यांचं आधी बोलू. अशा भेटीत रक्तबिक्त काही दिसत नाही. दुखापतींचं काम फिजिओच्या खोलीत, दार लावून चालतं. तिथे पाहुण्यांना नेत नाहीत. दिसते ती बोटांना गुंडाळलेली टेप, बर्फाची पिशवी, क्वचित एखादा काळानिळा पडलेला अंगठा. आणि बारा वर्षांच्या मुलीला त्याची भीती वाटत नाही, कौतुक वाटतं. कष्ट दाखवून वेड उतरवायचा हिशेब या वयात बहुतेक उलटा बसतो. मुलगी घरी येऊन पायाला नसलेल्या जखमेवर टेप लावते.

तुमची धास्तीही उलटीच आहे. भुरळ घालतो तो प्रेक्षागृहातून दिसणारा बॅले. मागच्या बाजूला ट्यूबलाइट असते, गोंदाचा वास असतो, ठिगळं लावलेले लोकरीचे पायमोजे असतात आणि तेच आठ काउंट पुन्हा पुन्हा चालू असतात. ज्या मुलीला हे बघूनही मजा वाटते तिला कामात रस आहे, झगमगाटात नाही. एवढी एक माहिती या दिवसातून मिळाली तरी पुष्कळ झालं.

राहिला निकाल. असे दिवस कंपनीचा शिक्षण विभाग भरवतो. त्यांचं काम मुलांना कलेची ओळख करून देणं, पारख करणं नव्हे. वीस मिनिटांच्या वर्कशॉपमध्ये कुणाचंही भविष्य दिसत नाही आणि ते सांगण्याची त्यांना मुभाही नसते. तरी तुम्ही विचारलंत तर ''छान करते हो'' असं सौजन्याचं उत्तर मिळेल, आणि तुम्ही दोघं पुढचं वर्षभर त्याचा अर्थ लावत बसाल. हा प्रश्न तिथे विचारूच नका. तो कुणाला विचारायचा ते पुढे सांगते.

आता मुलगी तिथे काय बघेल ते नीट समजून घ्या, म्हणजे आदल्या दिवशी तिच्याशी बोलता येईल.

बहुतेक ठिकाणी सुरुवात कंपनी क्लासने होते. रॉयल बॅले असो, बर्मिंगहॅम रॉयल बॅले असो की इंग्लिश नॅशनल बॅले, मुख्य नर्तकीपासून काल भरती झालेल्या मुलापर्यंत सगळे रोज सकाळी क्लास करतात. सव्वा ते दीड तास. त्यातला जवळपास अर्धा वेळ बारपाशी, म्हणजे धरून उभं राहायच्या आडव्या दांड्यापाशी: प्लिए (गुडघे वाकवणं), तांद्यू (पाय सरकवत ताणणं) असं साध्याकडून अवघडाकडे. मग मधोमध येऊन संथ तोल, गिरक्या, छोट्या उड्या आणि शेवटी मोठ्या उड्या. शिक्षक रचना एकदाच सांगतात, तीही अर्धी तोंडाने आणि अर्धी हातांनी. पियानोवादक तेवढ्यावरून ताल उचलतो. तुमच्या लेकीला तिच्या क्लासमधलीच नावं ऐकू येतील. फरक वेगात आणि स्वच्छतेत असतो.

इथे मुलांचा एक गैरसमज होतो. काही नर्तक बारनंतर बॅग उचलून निघून जातात, काही उड्या मारतच नाहीत, आणि तालमीत तर पुष्कळ जण पाय न उचलता नुसते हात फिरवतात. मुलांना वाटतं, यांना कंटाळा आलाय. खरं म्हणजे कुणाचा संध्याकाळी प्रयोग असतो, कुणी दुखापतीतून परतत असतं. नुसत्या हातांनी रचना म्हणून घेण्याला 'मार्किंग' म्हणतात, आणि कधी मार्क करायचं आणि कधी पूर्ण ताकदीने नाचायचं हे कळणं हाच अर्धा व्यवसाय आहे. दिवसभर तालमी आणि साडेसातला प्रयोग असं आठवड्यातून अनेकदा करणाऱ्याला ताकद जपूनच वापरावी लागते. हे मुलीला आधी सांगून ठेवा.

बुटांच्या खोलीत मात्र तिला भरपूर वेळ मिळो. कप्पेच कप्पे, प्रत्येकावर नर्तकीचं नाव, आत एकसारखे दिसणारे पण एकसारखे नसलेले जोड. पॉइंट शूच्या टोकात लाकूड किंवा लोखंड असतं ही समजूत सार्वत्रिक आहे. असतात ते गोणपाट, कागद आणि खळ यांचे थर; हाताने आकार देऊन भट्टीत वाळवलेले. लंडनची 'फ्रीड' ही कंपनी १९२९पासून हे करते आहे, आणि तिथला प्रत्येक कारागीर आपल्या जोडाच्या तळव्यावर स्वतःची खूण उमटवतो: नांगर, मासा, मुकुट असं काहीतरी. नर्तकी वर्षानुवर्षं एकाच कारागिराचे बूट वापरते. तो निवृत्त झाला की तिची पंचाईत होते. लेकीला सांगा, बूट उलटा करून खूण शोध.

हे थर घामाने आणि उबेने मऊ पडतात, म्हणून मोठ्या भूमिकेत एका प्रयोगाला एक जोड सहज खर्ची पडतो. कंपनीत तो कंपनी देते. तुमच्या घरी तो ४०-५० पौंडांपासून पुढे पडतो आणि पॉइंटवरच्या साधारण दहा ते वीस तासांत बसतो. आणि नेमकी इथेच या भेटींनंतरची सर्वांत मोठी गडबड होते. नर्तकी नवा बूट घेऊन टोकाचं सॅटिन कापते, कडेने जाड दोऱ्याचे टाके घालते, तळव्यातला कडक शँक वाकवते, कधी पाऊण लांबीवर कापून टाकते, टोक पायरीवर आपटते म्हणजे रंगमंचावर टकटक होणार नाही. मुली हे बघतात आणि घरी येऊन तसंच करतात. चार महिने झालेल्या मुलीच्या घोट्यात आणि तळपायात तेवढी ताकद नसते. तिला बुटाचा आधार लागतो. शँक मोडला की पाय टोकावर नीट उभा न राहता मागे बसतो किंवा पुढे लोटला जातो, आणि सगळा भार घोट्यावर येतो. रिबिनी शिवण्यापलीकडे तिच्या शिक्षिकेला विचारल्याशिवाय बुटाला कात्री लावायची नाही, हा नियम जाण्याआधीच ठरवून टाका.

पॉइंटचा विषय निघालाच आहे तर एक शंका मिटवते. नृत्यवैद्यकातल्या जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं म्हणणं असं: बाराच्या आधी नको, आठवड्याला एकच क्लास असेल तर नको, कंबर-पोट किंवा पाय कमकुवत असतील, किंवा सांधे गरजेपेक्षा लवचीक असतील, तर आधी ताकद आणा, आठवड्याला दोन क्लास असतील आणि बाकी सगळं ठीक असेल तर शिक्षणाच्या चौथ्या वर्षी सुरू करा. तुमची मुलगी कागदावर यात बसते. अंगाने बसते का, हे तिच्या शिक्षिकेने सांगायचं.

कपडेपटात तिला कळेल की तुतू, म्हणजे नर्तकीचा तो पसरट ताठ झगा, हा फ्रॉक नसून बांधकाम आहे. जाळीचे दहा-बारा थर, खाली शिवलेली चड्डी, वर घट्ट बसणारी चोळी. चोळीच्या पाठीला हुकांच्या दोन-तीन रांगा असतात, कारण एकच भूमिका वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या नर्तकी करतात. आत नावांच्या पट्ट्या एकाखाली एक शिवलेल्या सापडतील. जाळी खाली लोंबू नये म्हणून तुतू उलटे टांगतात. आणि ते धुता येत नाहीत, म्हणून घामाच्या वासावर पाणी मिसळलेली व्होडका फवारतात. आजींना हे कळवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

कपडेपटातच किंवा सेटवर कदाचित 'ला बायादेर'चं सामान भेटेल. १८७७मध्ये सेंट पीटर्सबर्गला मारियुस पेतिपाने बसवलेला हा बॅले भारतात घडतो: देवळातली नर्तकी, राजा, पुजारी, साप. हा भारत युरोपच्या कल्पनेतला आहे, आणि लेक विचारेल, ''आई, हे आपण आहोत का?'' ''नाही, हे त्यांना आपण असे वाटलो,'' एवढं सरळ सांगा. त्यातला 'छायांचा' प्रवेश मात्र तिला जरूर दाखवा. नर्तकींची रांग उतारावरून एकेक करत तीच एक हालचाल करत खाली येते. वर्गातला साधा अरबेस्क (एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणणं) किती कसून करावा लागतो हे त्याहून चांगलं कुठे दिसणार नाही.

रॉयल बॅलेसारख्या कंपन्यांत नृत्य लिहून ठेवणारी माणसंही असतात. रूडॉल्फ आणि जोन बेनेश या दांपत्याने, तो हिशेबनीस आणि चित्रकार, ती नर्तकी, १९५०च्या दशकात ही लिपी पुढे आणली. संगीतासारख्याच पाच रेघा. खालून वर अनुक्रमे जमीन, गुडघे, कंबर, खांदे आणि डोक्याचा माथा. गणिताची आवड असलेल्या मुलांचे डोळे इथे चमकतात, म्हणून तालमीत कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या माणसाकडे लेकीचं लक्ष वेधून ठेवा.

रंगमंचावरचे नियम तर तोंडपाठ हवेत. बाहेरच्या चपला-बुटांनी नाचायच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही: खडा आला की व्हिनाइलला चीर पडते, पॉलिश लागलं की पाय घसरतो. टेबलावर टेपने चौकोन आखून त्यात प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात हाताळायच्या वस्तू, ठेवलेली असते. एक वस्तू हलली तरी अंधारात चाचपडणाऱ्या नर्तकाचा हात रिकामा राहतो, तेव्हा काहीही उचलायचं नाही. वरून पडदे-दिवे टांगलेला दांडा खाली येताना ओरडून सांगतात. तसं ऐकू आलं की असेल तिथे थांबायचं, बघायला पुढे जायचं नाही. विंगेत उभं राहिल्यावर तुला प्रेक्षक दिसत असतील तर तूही त्यांना दिसतेस. क्लासमध्ये मधे टाळ्या नाहीत. शेवटी शिक्षक आणि पियानोवादकासाठी सगळे वाजवतात तेव्हा वाजवायच्या. पाय घसरू नये म्हणून ठेवलेल्या राळेच्या पेटीत बूट घासायचा मोह होईल, विचारून घासायचा.

आपल्या तिसऱ्या घंटेवर वाढलेल्यांना इथली वेळ गमतीची वाटेल. प्रयोगाआधी 'हाफ' पुकारतात तो पडदा वर जाण्याच्या पस्तीस मिनिटं आधी, 'क्वार्टर' वीस मिनिटं आधी, 'फाइव्ह' दहा मिनिटं आधी, आणि 'बिगिनर्स' पाच मिनिटं आधी. प्रत्येक पुकारात पाच मिनिटं राखून ठेवलेली असतात. दुपारचा प्रयोग बघायला मिळणार असेल तर स्पीकरवर हे ऐकायला सांगा.

तयारीचं थोडक्यात. वर्कशॉप असेल तर लिओटार्ड, टाइट्स आणि मऊ बूट. पॉइंट शूज स्पष्ट सांगितलं असेल तरच. वर सैल स्वेटर, कारण बसून बघताना गार होतं. आदल्या रात्री केसांना तेल नको: पिना सुटतात. आपल्या मुलींच्या लांब, दाट केसांचा एकच मोठा गोळा डोक्यावर जड होतो आणि गिरकीत मान ओढतो. आधी वेणी, मग ती चपटी गुंडाळायची, जाळी, आणि यू-पिना कडेकडेने आत. डब्यात पोळीचा रोल द्या; पोहे देऊ नका, सांडतात. शेंगदाण्याचं काही असेल तर आधी विचारा, अनेक ठिकाणी चालत नाही.

सावळ्या रंगाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती ओळ लिहिताना तुम्ही थांबला असाल असं वाटलं. बॅलेत बुटाचा रंग पायाशी जुळवतात, म्हणजे रेषा न तुटता लांब दिसते. गुलाबी बूट हा रिवाज गोऱ्या पायांवरून पडला. म्हणून कृष्णवर्णीय आणि आशियाई नर्तकी वर्षानुवर्षं बुटांना फाउंडेशन चोपडत आल्या. त्याला 'पॅनकेकिंग' म्हणतात. २०१८मध्ये 'बॅले ब्लॅक' या लंडनच्या कंपनीसोबत फ्रीडने तपकिरी छटांचे पॉइंट शूज काढले. तेव्हा अंगाच्या रंगाच्या टाइट्स आणि बूट चालतील का, हे संयोजकांना ईमेलवर निःसंकोच विचारा. हे विचारलं म्हणून कुणी अवघड पालक समजत नाही, आणि मुलीला ते त्या सकाळी सगळ्यांसमोर विचारावं लागत नाही.

तिथे प्रश्न विचारायची वेळ येईल. ''तुम्ही कितव्या वर्षी सुरुवात केली?'' हा प्रश्न सगळे विचारतात, आणि त्याच्या उत्तराने मुली स्वतःशी बेरीज-वजाबाकी करून खट्टू होतात. त्यापेक्षा, ''आज क्लासमध्ये तुम्हाला कोणती चूक दाखवली?'' किंवा ''दुखापत झाल्यावर सुट्टीत काय करता?'' यातून जास्त कळतं. मुख्य नर्तकीलाही रोज चूक दाखवतात हे ऐकून बारा वर्षांच्या मुलीच्या मनावरचं किती ओझं उतरतं!

आता तो 'हिच्यात काही आहे का'. तो प्रश्न तिच्या शिक्षिकेचा आहे, पण या शब्दांत नको. वेळ मागून घ्या, मुलीला बाहेर बसवा आणि विचारा: पाय बाहेर वळतात ते खुब्यातून, की गुडघ्या-घोट्यातून ओढून? सांगितलेली दुरुस्ती पुढच्या आठवड्यात टिकते का? एका पायावर वीस-पंचवीस वेळा नीट टाच उचलता येते का? तिच्या वयाच्या मुलींमध्ये पुढे जाणाऱ्या मुली आत्ता किती तास करतात? उत्तर गुळमुळीत आलं तर रॉयल बॅले स्कूल किंवा एल्महर्स्ट या बॅले शाळांच्या असोसिएट वर्गांची निवड चाचणी देऊन पाहा. हे वर्ग बहुधा शनिवार-रविवारी भरतात, नेहमीची शाळा सोडावी लागत नाही, आणि निवडणारे लोक खरंच निवडण्यासाठीच बसलेले असतात.

आत्ता निवासी शाळेचा निर्णय घ्यायची सक्ती नाही. अकराव्या वर्षी एक दार उघडतं हे खरं, पण सोळाव्या वर्षी दुसरं, अधिक महत्त्वाचं दार आहे. मधल्या काळासाठी शनिवार-रविवारची 'सेंटर्स फॉर अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंग' आहेत. पूर्णवेळ शाळांपैकी रॉयल बॅले स्कूल, बर्मिंगहॅमचं एल्महर्स्ट, ट्रिंग पार्क आणि चेस्टरचं हॅमंड यांना सरकारच्या 'म्युझिक अँड डान्स स्कीम'मधून पालकांच्या उत्पन्नानुसार मदत मिळते. पात्रतेच्या अटी अर्जाआधी वाचून घ्या. आणि यजमानांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: हे करिअर अठरा-एकोणीसला सुरू होतं आणि पुष्कळांचं पस्तिशीच्या आसपास संपतं, जागा थोड्या असतात. म्हणजे अभ्यास सोडायचा प्रश्नच नाही, तो दोन्ही वाटांवर लागणार आहे. त्यांची काळजी रास्त आहे. ती मुलीला घाबरवून नव्हे, सिक्स्थ फॉर्मपर्यंत, म्हणजे सोळा ते अठरा वयाच्या वर्गांपर्यंत, गणित चालू ठेवायची अट घालून मांडता येते.

आजींचं कथक चांगलंच आहे, पण बॅलेला उतारा म्हणून नाही. दोन्ही करायचं असेल तर तास मोजा. वाढीच्या वयात आठवड्याचे कसून व्यायामाचे तास वयाच्या आकड्यापलीकडे जाऊ नयेत, हा क्रीडावैद्यकातला ढोबळ नियम. तत्कार, म्हणजे कथकातलं पायांचं काम, त्या तासांत धरायचा, वेगळा नाही. उंची झपाट्याने वाढत असताना टाच किंवा गुडघ्याखाली दुखलं तर आठवडाभर उड्या आणि तत्कार दोन्ही बंद. ब्रिटनमध्ये सावळ्या कातडीला ऊन कमी पडतं, म्हणून तिथली आरोग्यसेवा वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाचा विचार करायला सांगते. हाडांसाठी तेही बघा. आणि 'तिकडे आपलं कोण' याला उत्तर हवंच असेल तर मुंबईचा आमिरुद्दीन शाह २०१७मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला, हे आजींना सांगा.

त्या दिवशी घ्यायला जाल तेव्हा गाडीत ''मग, काय ठरलं?'' असं विचारू नका. ''कुणाचं काम तुला सर्वांत अवघड वाटलं?'' एवढंच विचारा आणि ऐका. उत्तर नर्तकीचं असेल, प्रकाशयोजना करणाऱ्याचं असेल, बूट वाटणाऱ्या बाईंचंही असेल.

ज्यांच्या मुलांना असं निमंत्रण येत नाही त्यांच्यासाठी: 'वर्ल्ड बॅले डे' २०१४पासून होतो, बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि जगभरच्या कंपन्यांचे क्लास आणि तालमी इंटरनेटवर फुकट दिसतात. नाशिक-कोल्हापुरात बसूनही रॉयल बॅलेचा क्लास बारपासून शेवटच्या उडीपर्यंत बघता येतो. मुलीला खुर्चीची पाठ धरून सोबत करू द्या, उड्या मात्र फरशीवर नकोत. सुट्टीत लंडनला येणार असाल तर कव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसची मागची सफर तिकीट काढून करता येते. बुकिंगआधी मुलांच्या वयाची अट वाचा, आणि नर्तक दिसतीलच असं मुलीला सांगून ठेवू नका: रंगमंचावर तालीम चालू असली की सफरीचा मार्ग आयत्या वेळी बदलतो.